जुन्या गाडीला मॅगव्हील बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड, बीटल, मर्सिडीज डब्ल्यू १२३, विलीज जीप. अशा गाड्या घरी सांभाळणारे लोक मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चाकं, आणि एकूणच चाकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चाक डिझाइन बघून निवडायचं नसतं, आपल्या गाडीच्या हबची, म्हणजे चाक ज्या मधल्या भागावर बसतं त्याची, मापं हातात ठेवून निवडायचं असतं. मापं जुळणाऱ्या चाकांतून डिझाइन खुशाल आवडीचं घ्या.

दुकानदार म्हणतो, “चार बोल्टचं आहे ना? बसेल.” खरंच बसतं का?

चार बोल्टची चाकं दिसायला सारखी असली तरी बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, गाडीगणिक बदलतो. ट्रायम्फ हेरल्डचा पीसीडी ९५.२५ मिमी आहे. फियाट उनो आणि पॅलिओचा ९८, मारुती स्विफ्टचा १००, मूळच्या छोट्या मिनीचा १०१.६, फोर्ड आयकॉनचा १०८, एमजीबीचा ११४.३ आणि १९६८ च्या मॉडेलपासूनच्या बीटलचा १३०. त्याआधीच्या बीटलला पाच बोल्ट आणि २०५ मिमीचं अवाढव्य वर्तुळ होतं. म्हणजे “बीटलचं चाक” एवढं सांगूनही भागत नाही, साल सांगावं लागतं.

१०८ चं चाक १३० च्या हबवर चढतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. धोका ९८, १०० आणि १०१.६ या तिघांत आहे. ९८ च्या हबवर १०० चं चाक चढतं, नटही आवळले जातात. पण नट छिद्राच्या मधोमध न बसता एका कडेवर दाबून बसतात, स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट चढतात ते आटेदार दांडे) किंचित वाकलेल्या अवस्थेत ताण घेत राहतात आणि काही महिन्यांनी एखादा तुटतो. नट आवळला गेला म्हणजे चाक बसलं, असा अर्थ होत नाही.

पीसीडी घरी कसा मोजायचा?

चार छिद्रं असतील तर सोपं आहे. समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे पीसीडी. मध्य डोळ्यांनी धरता येत नाही, म्हणून एका छिद्राच्या डाव्या कडेपासून समोरच्या छिद्राच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. उत्तर तेच येतं.

पाच छिद्रांत समोरासमोर कोणी नसतं. तिथे शेजारशेजारच्या दोन छिद्रांमधलं अंतर घेऊन त्याला १.७०१ ने गुणायचं. अंतर ६७.२ आलं तर पीसीडी ११४.३, आणि ६५.८ आलं तर ११२. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा आहे, म्हणून शाळेच्या पट्टीने हे काम करू नका. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर) घ्या आणि पाचही जोड्या मोजून सरासरी काढा. मर्सिडीज डब्ल्यू १२३ ला ५ × ११२ लागतं. आपल्याकडे ५ × ११४.३ ची चाकं मुबलक मिळत असल्यामुळे तीच माथी मारली जातात.

विलीज आणि त्यावरून आलेल्या जुन्या महिंद्रा जीपला ५ × १३९.७ लागतं. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून बघा: बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला पंक्चरवाला पाइप लावून जोर काढतो आणि स्टड मोडतो.

चाकाच्या मधल्या छिद्राचं माप एवढं महत्त्वाचं का?

हबला मध्यभागी एक कडा असते आणि बऱ्याच गाड्यांत चाक त्या कडेवर अचूक बसून मध्यात येतं. बाजारातल्या मॅगव्हीलचं मधलं छिद्र मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना विकता येतं. उरलेली फट भरायला मधे रिंग लागते. ती नसेल तर चाक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसतं आणि ताशी सत्तर-ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतात. मशीनवर चाक मध्यात धरलेलं असतं, त्यामुळे तिथे दोष दिसतच नाही.

रिंग प्लास्टिकची घेऊ नका. ड्रम ब्रेकची गाडी खंबाटकी किंवा कसारा घाट उतरून खाली येते तेव्हा ड्रम हात लावता येणार नाही इतका तापलेला असतो. त्या उष्णतेत हलक्या प्लास्टिकचा आकार बिघडतो. टर्नरकडून ॲल्युमिनियमची रिंग करून घ्या. हबची कडा आणि चाकाचं छिद्र ही दोन्ही मापं लिहून दिलीत तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला किंवा आपल्या गावातला कुठलाही चांगला लेथवाला हे काम करून देतो.

पण सगळ्या जुन्या गाड्यांना रिंग लागते असं नाही. काहींत मूळ स्टील रिमचं मधलं छिद्र हबपासून चांगलंच सैल असतं आणि चाक शंकूच्या आकाराच्या नटांवरच मध्यात येतं. मूळ रिम हबवर टेकवून हलवून बघा. गच्च बसत असेल तर रिंग हवी.

आणखी एक जागा तपासा, ती म्हणजे ग्रीसची टोपी. जुन्या हबवर ती बरीच बाहेर आलेली असते आणि बंद तोंडाच्या मॅगव्हीलला आतून आदळते. बीटलच्या पुढच्या डाव्या चाकाची तर स्पीडोमीटरची केबलच त्या टोपीतून बाहेर येते आणि तिथे पिनेने अडकवलेली असते. ती दाबली गेली की स्पीडोमीटर बंद.

ऑफसेट म्हणजे नेमकं काय, आणि त्यावरून इतका गोंधळ का होतो?

रिमच्या रुंदीच्या मध्यापासून, हबला टेकणारा सपाट भाग किती अंतरावर आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. चाकावर ते ईटी असं कोरलेलं असतं. टेकणारा भाग मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. ईटी वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं.

गोंधळ होतो कारण लोक एकटा ईटी बघतात आणि रुंदी विसरतात. डब्ल्यू १२३ चं उदाहरण घ्या. मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ईटी ३०. तुम्हाला सात इंची, ईटी २० चं चाक मिळालं. दहाचा तर फरक आहे, असं वाटतं. आता हिशोब करा. जुन्या रिमची निम्मी रुंदी ६९.८५ मिमी, नव्याची ८८.९. आतली कड आधी हबच्या पृष्ठभागापासून ९९.८५ मिमी आत होती, आता १०८.९. बाहेरची आधी ३९.८५ मिमी बाहेर होती, आता ६८.९. म्हणजे चाक आत ९ मिमी सरकलं आणि बाहेर तब्बल २९ मिमी आलं. ते मडगार्डला घासणार की नाही, हे या आकड्यांवर ठरतं. कागदावर हा हिशोब करायला पाच मिनिटं लागतात. तो करण्याआधी पैसे देऊ नका.

ईटी कोरलेला नसेल तर चाक पालथं ठेवून आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिथून हबच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. आपल्या मूळ रिमची तीच खोली मोजा आणि दोन्ही ताडून बघा. सपाट भागावरचा गंज आणि जुना रंग आधी तारेच्या ब्रशने काढा.

चाक खूप बाहेर काढलं की गाडी दमदार दिसते, पण त्याची किंमत पुढच्या हबला मोजावी लागते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते अशा जुन्या गाड्यांत पुढच्या हबमध्ये आतलं बेअरिंग मोठं आणि बाहेरचं लहान असतं, कारण गाडीचं वजन मोठ्या बेअरिंगच्या जवळून जावं अशी रचना असते. चाक बाहेर सरकवलं की वजन लहान बेअरिंगकडे सरकतं. शिवाय स्टिअरिंग जड होतं आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट हातात येतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हे लगेच जाणवतं. मूळ मध्यरेषेपासून पाच-सात मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

चाक घासेल की नाही, हे टायर चढवण्याआधी कळेल का?

बरंचसं कळतं. चार जागा बघा: मागे पाटे आणि शॉकॉब्सर, पुढे ब्रेकचा होज, पूर्ण वळवल्यावर मडगार्डची आतली मागची कड आणि बाहेरची वळवलेली कड. या जागांवर लहान मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवा. एका चाकाला टायर चढवून ते गाडीला लावा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा, मग मागच्या सीटवर तिघांना बसवून गाडी रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावरून तिरकी चढवा. क्लेवर उमटलेली खूण सगळं सांगते. क्ले दबून पाच मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल तर ते चाक नको. मडगार्डची कड ठोकून वाकवायचा सल्ला मिळेल. तिथला रंग तडकतो आणि पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो. जुन्या पत्र्याचं असं नुकसान करू नका.

जुने नट नव्या चाकाला चालतील का?

बहुतेक वेळा नाही, आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नटाची बसायची जागा तीन प्रकारची असते: शंकूसारखी निमुळती, गोलाकार आणि सपाट वॉशरची. मर्सिडीज आणि बीटलचे मूळ बोल्ट गोलाकार बैठकीचे असतात. बाजारातली बहुतेक मॅगव्हील निमुळत्या बैठकीची असतात. गोल बोल्ट निमुळत्या छिद्रात एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, पण थोडं अंतर गाडी चालली की सैल.

दुसरी गोष्ट लांबीची. स्टील रिमचा पत्रा तीन-चार मिलिमीटरचा असतो, मॅगव्हीलची त्याच जागेची जाडी दहा-पंधराच्या घरात जाते. म्हणजे नटाला पकडायला स्टड कमी उरतो. स्टडचा जेवढा व्यास, किमान तेवढी लांबी आट्यांत गेली पाहिजे. एम १२ × १.५ च्या आट्यांना आठ पूर्ण फेरे, एम १२ × १.२५ ला दहा. हाताने नट फिरवताना मोजा. स्टड-नटांऐवजी बोल्ट असलेल्या गाडीत उलटंही होतं: फार लांब बोल्ट ड्रमच्या आत शिरून ब्रेकच्या भागांना लागतो. चाक लावल्यावर हाताने फिरवून कान द्या, टकटक ऐकू आली तर तिथेच थांबा.

ब्रिटिश गाड्यांचे आटे इंचातले असतात. मिलिमीटरचा नट त्यांच्यावर जबरदस्तीने चढवला तर आटे कायमचे जातात.

पीसीडी जुळत नाही. अॅडॉप्टर, वॉबल बोल्ट, की छिद्रं नव्याने पाडायची?

छिद्रं लांबट करणं किंवा जुन्या छिद्रांच्या शेजारी नवी पाडणं कधीही नको. चाकाचा सगळा भार पेलणारा भाग तोच आहे.

वॉबल बोल्टच्या डोक्याखालची बैठक सुटी असते आणि थोडी सरकते. ९८ च्या हबवर १०० चं चाक लावताना प्रत्येक बोल्टला फक्त एक मिलिमीटर सरकावं लागतं, म्हणून फियाटवाल्यांत ते जगभर लोकप्रिय आहेत. नामांकित कंपनीचे असतील आणि मधल्या छिद्राला धातूची अचूक रिंग असेल तरच वापरा. रिंग नसेल तर चाक मध्यात आणणारं काहीच उरत नाही.

अॅडॉप्टर म्हणजे हब आणि चाकाच्या मधे बसणारी, दोन वेगळे पीसीडी जुळवणारी जाड चकती. तो घेतला तर चाक किमान वीस मिलिमीटर बाहेर येतं. त्यामुळे त्यासाठी ऑफसेट तेवढा जास्त असलेलं चाक शोधावं लागतं. नुसत्या पातळ स्पेसरच्या (चाक बाहेर काढणाऱ्या साध्या चकतीच्या) बाबतीत, तीन-पाच मिलिमीटरपर्यंत आणि स्टडची लांबी पुरत असेल तर हरकत नाही. एकावर एक दोन स्पेसर मात्र कधीच नाही.

टायरचं माप कसं ठरवायचं?

टायरचा एकूण व्यास मूळच्या जवळ ठेवा. तेरा इंची चाकांच्या अनेक जुन्या गाड्यांना चालणारा १५५/८० आर १३ (रुंदी १५५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, रिम १३ इंची) साधारण ५७८ मिमी भरतो. १७५/७० आर १३ भरतो ५७५, १८५/६० आर १४ पुन्हा ५७८ आणि १९५/५० आर १५ भरतो ५७६. चारही व्यासाने सारखेच, पण शेवटच्याची भिंत इतकी बुटकी आहे की आपल्या रस्त्यांवर पहिल्या मोठ्या खड्ड्यात रिम आउट, म्हणजे वाकडी, होईल. जुन्या गाडीला मूळपेक्षा एक इंच मोठं चाक, ही मी मर्यादा मानतो.

पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, व्यास ६०० च्या आसपास. तिला हौसेने तेरा इंची मॅगव्हील आणि १७५/७० आर १३ घालतात. गाडी सुमारे बारा मिलिमीटर खाली येते आणि काटा साठ दाखवतो तेव्हा खरा वेग साडेसत्तावन्न असतो. सायलेन्सर गतिरोधकाला घासायला लागतो तो वेगळाच. बीटलच्या ५.६०-१५ ला १६५/८० आर १५ हा चांगला पर्याय आहे. अॅम्बेसेडरचं ५.९०-१५ हे उंच टायरचं माप आहे आणि ती उंची तिला शोभते. त्यात हात घालू नये असं मला मनापासून वाटतं.

जुने क्रॉसप्लाय (आतले दोरे तिरके) आणि नवे रेडियल (आतले दोरे आडवे) टायर एकाच अॅक्सलवर कधीही मिसळू नका. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. जुन्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात.

जुन्या रिमवर ट्यूबलेस चालेल का?

रिमच्या आत टायरची कड अडवून ठेवणारा उंचवटा असेल तर चालेल. रिमवर एच किंवा एच २ अशी खूण असते. जुन्या स्टील रिमना तो बहुधा नसतो, त्यामुळे ट्यूब घाला. तारांच्या चाकांना ट्यूब हवीच.

तारांची चाकं घ्यायची आहेत. काय बघू?

एमजीबीसारख्या गाडीत तारांचं चाक दातेरी हबवर सरकतं आणि मधल्या एकाच मोठ्या नटाने धरलं जातं. आधी दाते बघा. नव्या दात्यांचा माथा सपाट असतो, झिजले की तो सुरीच्या पात्यासारखा धारदार होतो. असे दाते हबवर असतील तर नवं चाकही लवकर खराब होतं, म्हणून हब आणि चाक जोडीने बदला. डाव्या-उजव्या बाजूचे हब एकमेकांत बदलू नका. त्यांचे आटे उलटसुलट असतात, कारण गाडी चालताना नट आवळला जावा, सुटू नये, अशी ती रचना आहे. तारांवर पेन्सिल मारून बघा. नाद सारखा यायला हवा, जी तार बद्द वाजते ती सैल आहे.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुनी इम्पोर्टेड मॅगव्हील मिळाली तर घ्यावीत का?

मिनीलाइट, क्रोमोडोरा, बीबीएस, फुक्स या नावांची अस्सल चाकं जुन्या गाडीवर फार देखणी दिसतात, आणि त्या काळातली गाडी त्या काळातल्याच चाकांवर असावी असं मलाही वाटतं. पण आधी धातू ओळखा. सुरुवातीची मिनीलाइट मॅग्नेशियमची होती. मॅग्नेशियम आतून कुजतं आणि वरचा रंग ते लपवतो. दमट कोकणात किंवा मुंबईत राहिलेलं असं चाक रस्त्यावर वापरू नका, भिंतीवर टांगा.

ॲल्युमिनियमचं असेल तर रंग पूर्ण काढून डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या. लाल द्रव, मग पांढरी पावडर, आणि बोल्टच्या छिद्रांभोवतीचे केसासारखे तडे लाल रेषा होऊन उमटतात. वेल्डिंग केलेलं चाक नको. तापवून सरळ केलेलंही नको, कारण तापवल्यावर मिश्रधातूची ताकद उतरते.

काही युरोपीय गाड्यांवर मिशेलिनच्या टीआरएक्स पद्धतीची ३९० मिमीची चाकं येतात. पंधरा इंच म्हणजे ३८१. त्यांच्यावर पंधरा इंची टायर बसत नाही, बसवायचा प्रयत्नही धोक्याचा आहे.

नवं चाक अस्सल आहे की नाही, कसं ओळखू?

आतल्या बाजूला रुंदी, व्यास, ईटी आणि किती किलोचा भार सोसतं ते कोरलेलं असावं. जपानी प्रमाणाची जेडब्ल्यूएल, जर्मन केबीए क्रमांक किंवा आपली आयएसआय खूण असावी. भाराचा हिशोब असा: ज्या अॅक्सलवर जास्त वजन येतं त्याच्या निम्मं. अॅक्सलवर ९०० किलो येत असतील तर प्रत्येक चाक किमान ४५० किलोचं हवं. काहीच कोरलेलं नसेल तर ते चाक स्वस्तातही घेऊ नका.

आरटीओ आणि विम्याची अडचण येते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. मूळ मापाच्या जवळचं, मडगार्डच्या आत राहणारं चाक ठेवा. विमा कंपनीला मॅगव्हीलबद्दल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हीए मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. तपासणीला जाताना मूळ रिम लावूनच जा.

बसवल्यानंतर काय?

हबचा आणि चाकाचा टेकणारा भाग चकचकीत साफ करा. ड्रम धरणाऱ्या छोट्या स्क्रूचं डोकं बाहेर आलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. नट आधी हाताने लावा, मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) आवळा. डब्ल्यू १२३ ला ११० न्यूटन मीटर लागतात, बाकी गाड्यांचं माप त्यांच्या मॅन्युअलमध्ये असतं. पंक्चरवाल्याची हवेची गन मॅगव्हीलला लावू देऊ नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थंड चाकावर पुन्हा तपासा.

जुनी स्टील रिम विकून टाकू का?

विकू नका. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, आणि त्या गाड्यांबरोबर सरळ, न कुजलेल्या रिमही भंगारात गेल्या. पुढे त्या मिळणं अवघड होत जाणार. पाचही रिम साफ करून प्रायमर मारून ठेवा. त्यातली एक स्टेपनी म्हणून डिकीत राहणारच आहे. तिच्यासोबत मूळ नटांचा संच कापडी पिशवीत बांधून ठेवा, कारण मॅगव्हीलचे नट स्टील रिमला बसतीलच असं नाही, आणि हे रात्री घाटात पंक्चर झाल्यावर कळून उपयोग नाही.